शेवंतीला घेऊन सायकल बघायला

नेत्रा कर्णिकला दुकानात नाही म्हणता येत नसे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सांताक्रूझच्या बाजारातल्या निम्म्या दुकानदारांनाही ठाऊक असावं. कुकरची रिंग आणायला गेलेली नेत्रा एकदा पाच लिटरचा नवा कुकर घेऊन आली होती. पडद्याचं कापड बघायला गेली तेव्हा सोफ्याची कव्हरं शिवायला टाकून आली. घरात सोफा नव्हता, दिवाण होता. तिचा नवरा राजेश यावर पोट धरून हसायचा. पण त्याला बरोबर न्यावं तर तो दोन मिनिटांत दुकानदाराच्या बाजूने बोलायला लागायचा, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

अशा बाईने शेहेचाळिसाव्या वर्षी सायकल घ्यायचं ठरवलं.

ती अंधेरी पश्चिमेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला होती. सकाळी सातला हजर व्हायचं. घरापासून लॅब जेमतेम पाच किलोमीटर, पण साडेसहाला एवढ्याशा अंतरासाठी रिक्षावाले मान हलवून पुढे जात. एके दिवशी ती अशीच नाक्यावर उभी असताना समोरून तिच्याच वयाची एक बाई सायकलवरून गेली. पाठ सरळ, मागे डब्याची पिशवी, घाई अजिबात नाही. सिग्नलला वळून दिसेनाशी होईपर्यंत नेत्रा तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी लॅबमध्ये तिचं लक्ष कामात कमीच होतं.

लहानपणी मे महिन्यात पेणला मामाकडे गेली की ती तासावर भाड्याची सायकल घ्यायची. स्वतःची सायकल कधी नव्हती. संध्याकाळी तिने नागपूरला शिकणाऱ्या मुलीला, शर्मिष्ठाला, फोन केला. शर्मिष्ठाने अर्धा तास समजावलं. शर्यतीची सायकल नको, तिच्यावर पार वाकून बसावं लागतं. डोंगरावरची नको, तिचे टायर जाड, चालवताना दमायला होतं. तुझ्यासाठी मधली, हायब्रिड. सरळ बसून चालवायची, टायर मध्यम, गिअर थोडे. पंधरा हजारांत चांगली मिळते, आणि काहीही झालं तरी पंधराच्या वर जाऊ नकोस, हे तिने दोनदा सांगितलं. आईला ती ओळखून होती.

शनिवारी नेत्रा एकटीच लिंक रोडवरच्या मोठ्या शोरूममध्ये गेली. विक्रेता गोड बोलणारा होता. त्याने आधी पुढे टोपली लावलेली लेडीज सायकल दाखवली. नेत्राने हायब्रिड हा शब्द उच्चारताच तो तिला आतल्या दालनात घेऊन गेला आणि त्याने तेवीस हजारांची एक काळीभोर सायकल पुढे केली. पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर. नेत्रा वर बसली तर पायाची नुसती बोटं जमिनीला टेकली. सवय होईल, असं तो म्हणाला. नेत्रा म्हणाली, छान आहे. बुकिंगचे पैसे द्यायला तिने पर्स उघडलीसुद्धा होती, तेवढ्यात लॅबमधून कुठल्याशा सॅम्पलबद्दल फोन आला. फोनवर बोलत बोलत ती बाहेर पडली ती थेट रिक्षात बसली. घरी येईपर्यंत तिला त्या विक्रेत्याबद्दल वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळी शेवंती आली. शेवंती खारदांड्याची कोळीण, नेत्राहून तीन-चार वर्षांनी मोठी. आठवड्यातून तीन वेळा ती या इमारतीत मासे घेऊन यायची. तिच्याआधी तिच्या सासूबाई, सखुबाई, यायच्या. नेत्राचा शेवंतीवर विश्वास होता, कारण शेवंती कधीकधी आपणहून सांगायची की आज पापलेट घेऊ नको, बर्फातलं हाय. दारात पाटी उतरवून ती सुरमई कापत होती आणि नेत्रा उंबऱ्याशी बसून तिला शोरूमची हकिगत सांगत होती.

शेवंतीने कापता कापता दोन-तीन गोष्टी विचारल्या. सायकल ठेवणार कुठे? नेत्रा म्हणाली, वर घरात. खाली स्कूटरींनी जागा भरलीय आणि गेल्या वर्षी तळमजल्यावरची एक सायकल चोरीला गेली. त्या विक्रेत्याने हे विचारलं का? नाही. मग तू सांगितलंस का? तेही नाही.

शेवंतीने कोयता पुसला. "उद्या सोमवार. सोमवारी माझा धंदा निम्मा. मी येते तुझ्यासंगती."

नेत्राला हसू आलं. तिने विचारलं की तुला सायकलीतलं कळतं का.

"सायकलीतलं मला काय कळत नाय," शेवंती म्हणाली. "विकणाऱ्यातलं कळतं."

सोमवारी साडेतीनला शेवंती लॅबच्या खाली उभी होती. ठेवणीतलं पातळ, कानात सोन्याच्या कुड्या, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. तिने आधी ती काळी सायकलच बघायची असं सांगितलं, म्हणून दोघी पुन्हा शोरूममध्ये गेल्या. तोच विक्रेता होता. त्याने नेत्राला ओळखलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. शेवंतीने त्याला मध्ये एकदाही अडवलं नाही. त्याचं बोलून संपल्यावर ती नेत्राकडे वळली.

"उचल."

नेत्राला कळेना. पहिल्या माळ्यावर न्यायची ना, मग उचल, असं शेवंतीने सांगितलं. नेत्राने दोन्ही हातांनी सायकल धरली, गुडघ्यापर्यंत आणली आणि खाली ठेवली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. सतरा किलो, असं विक्रेत्याने हळू आवाजात कबूल केलं. मग शेवंतीने पुढच्या शॉकअपवर बोट ठेवून हे कशासाठी म्हणून विचारलं. डोंगरात, दगडधोंड्यांत दणके बसू नयेत म्हणून, तो म्हणाला. सांताक्रूझ ते अंधेरी किती डोंगर लागतात, असं शेवंतीने अगदी साधेपणाने विचारलं, आणि त्या मुलाला हसू आवरेना. रस्त्यांत खड्डे आहेत पण, असं तो म्हणाला खरा, पण त्याचा जोर गेला होता. दोघी त्याचे आभार मानून बाहेर पडल्या. दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडूनही जिवाला काही टोचत नाही, हा अनुभव नेत्राला नवीन होता.

दुसरं दुकान अंधेरी स्टेशनच्या बाजूला एका गल्लीत होतं. लहानसं, छताला सायकली टांगलेल्या, जमिनीवर हवा भरायचा पंप. मालक अल्पेश तिशीतला, हात ग्रीसने काळे. त्याने किमतीचं नाव काढण्याआधी विचारलं की रोज किती अंतर जायचं, रस्ता कुठला, सायकल शेवटची कधी चालवली होती. तीस वर्षांपूर्वी, असं नेत्राने सांगितल्यावरही तो हसला नाही. त्याने करड्या रंगाची एक हायब्रिड खाली काढली. शॉकअप नाही, साधे ब्रेक, आठ गिअर. नेत्राने ती सहज कमरेपर्यंत उचलली.

मग गल्लीत चक्कर. सुरुवातीला हँडल स्वतःच्या मनाने डावी-उजवीकडे जात होतं. शेवंती मागून पातळाचा काठ सावरत चालत होती आणि चाकाकडे बघू नको, समोर बघ, असं सांगत होती. वीस-पंचवीस पायडलं मारल्यावर हँडल सरळ झालं. गल्लीच्या टोकाला नेत्राला वळता येईना, तेव्हा ती उतरली, सायकल हाताने फिरवली आणि परत आली. घामाने कपाळावरची टिकली सरकली होती, पण चेहरा असा झाला होता की समोरचा इस्त्रीवालाही बघत उभा राहिला.

एकच अडचण होती. थांबताना मधली नळी तिला लागत होती. अल्पेशने सीट खाली करून दिली, तरी नळी होती तिथेच. ही मीडियम साइज आहे, तुम्हाला स्मॉल पाहिजे, ती महिन्याभराने येईल, असं त्याने सांगितलं. घाई असेल तर हिच्यावर चालवून घेता येईल, पण मजा येणार नाही. किंमत साडेसतरा.

इथे शेवंती पुढे सरसावली. तिने बारा सांगितले. अल्पेश म्हणाला, मावशी, भाव ठरलेला आहे, फार तर पाचशे सोडतो, वर्षभर सर्व्हिस फुकट देतो. शेवंतीने मग आपलं सगळं कसब पणाला लावलं. रंग फिका आहे, टायर दाबला तर दबतो, ही घंटी वाजते का भांडं पडतं, महिनाभर इथे टांगून धूळ खातेय. नेत्रा तिच्या मागे उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. अल्पेश आधी हसत होता, मग नुसता ऐकत राहिला, आणि शेवटी पाना उचलून दुसऱ्या कामाला लागला.

शेवंतीने नेत्राचा हात धरला. "चल गो बाय."

बाहेर पडल्यावर तिने दबक्या आवाजात समजावलं. हळू चाल, मागे बघायचं नाही. गिऱ्हाईक निघालं की मी पाचव्या पावलाला हाक मारते, हा फार तर दहाव्याला मारील. दोघी हळू चालल्या. इस्त्रीवाला गेला, झेरॉक्सचं दुकान गेलं, मोबाइल दुरुस्तीचं गेलं. मागून स्कूटरचे हॉर्न आले, कुणीतरी कुणालातरी राजूभाई म्हणून बोलावलं, पण त्यांना कुणी हाक मारली नाही. गल्लीच्या तोंडाशी उसाच्या रसाचं दुकान होतं. तिथपर्यंत आल्यावर शेवंतीला राहवलं नाही. तिने मागे वळून पाहिलं. अल्पेश स्टुलावर बसून कुणाच्या तरी सायकलची चेन बसवत होता.

शेवंतीचा चेहरा उतरला. रसवाल्याच्या बाकावर ती बसली आणि काही वेळ गजरा चाचपत राहिली.

"बाय, चुकलंच माझं," ती म्हणाली. "मी त्याला माझ्यासारखाच समजले. त्याचा भाव खरा होता."

नेत्राने दोन ग्लास रस सांगितला. तिला वाटलं होतं की आपल्याला शरमल्यासारखं होईल, किंवा सुटल्यासारखं तरी. यातलं काहीच झालं नाही. गल्लीतल्या त्या एका चकरेने तिच्या मांड्या अजून थरथरत होत्या आणि तिला सायकल हवी होती. कुणी गळ्यात मारली म्हणून नव्हे, तिला स्वतःला हवी होती. आजवर दुकानातून आणलेल्या वस्तूंपैकी किती आपल्याला खरोखर हव्या होत्या, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि सोडून दिला. शेवंतीला तिने रस संपवायला सांगितलं, पर्स काखेत घट्ट धरली आणि एकटी परत निघाली.

अल्पेशने मान वर केली तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. वाटेत तिने मनात वाक्यं जुळवली होती. ती तिने एका दमात बोलून टाकली.

"माझ्याकडे पंधरा हजार आहेत. त्यात मला मडगार्ड, स्टँड आणि कुलूप पाहिजे. टोपली नको, शॉकअप नको, आणि मोठी साइज सीट खाली करूनसुद्धा नको. यात बसणारं काही असेल तर दाखवा. नसेल तर नाही म्हणा, मी पुढच्या महिन्यात येईन."

अल्पेशने हात फडक्याला पुसले आणि थोडा विचार केला. मग म्हणाला की एक आहे, पण दाखवायला मला संकोच वाटत होता. गेल्या वर्षीची आहे, स्मॉल आहे, सायकल एकदम चांगली, पण तिचा रंग बघून सगळे परत जातात. नेत्राने आणा म्हटल्यावर तो शिडी लावून पोटमाळ्यावर चढला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सायकल खाली घेऊन आला. प्लॅस्टिक निघालं. सायकल पोपटी होती, आणि नळीवर गुलाबी अक्षरं.

तिने आधी उचलून बघितली. मग नळीच्या दोन बाजूंना पाय टाकून उभी राहिली. दोन्ही तळवे पुरते टेकले, नळी कुठेही लागली नाही. मडगार्ड आणि स्टँडसकट साडेचौदा, कुलूप मी माझ्यातर्फे देतो, असं अल्पेश म्हणाला. नेत्राने ब्रेक दाबून पाहिले, पायडल उलटं फिरवून पाहिलं, आणि हो म्हणण्याआधी एक चक्कर मारते असं सांगून निघाली.

शेवंतीच्या हातात दुसरा ग्लास होता, नेत्राच्या वाटणीचा. गल्लीतून पोपटी सायकलवर येणारी बाई नेत्रा आहे हे तिला जवळ येईपर्यंत कळलं नाही. नेत्रा थांबणार होती, पण वळायचं कसं या विचारात ब्रेक दाबायचं राहून गेलं. ती रसाच्या दुकानावरून पुढे गेली, एका उभ्या टेम्पोला मोठा वळसा घातला, आणि वळता आलं हे तिचं तिलाच उशिरा लक्षात आलं. परत येऊन ती दोन्ही पाय टेकून उभी राहिली. शेवंतीने सायकलकडे पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"दुरून दिसेल," ती शेवटी म्हणाली.

यावर दोघी इतक्या हसल्या की रसवाल्याने चरकाचं हँडल सोडून त्यांच्याकडे बघितलं. शेवंतीने मग तिसरा ग्लास घेतला आणि तो सांडू न देता गल्लीभर चालत नेऊन अल्पेशच्या हातात दिला. भाव बरोबर सांगितलास, असं ती त्याला म्हणाली. कधी दांड्याला आलास तर ताजी कोलंबी देते, असंही म्हणणार होती, पण भिंतीवरचा देवाचा फोटो आणि अल्पेशचा चेहरा बघून हा मासे खाणारा नव्हे हे तिने ओळखलं आणि कोलंबी तोंडातच ठेवली. अल्पेशने रस पिऊन टाकला, नेत्राने मोजून दिलेले पैसे घेतले आणि आपणहून सायकलला नवीन घंटी लावून दिली.

पहिल्याच दिवशी एस. व्ही. रोडवर जाऊ नका, असं त्याने बजावलं होतं. म्हणून दोघी आतल्या रस्त्यांनी निघाल्या. रस्ता मोकळा मिळाला की नेत्रा चढायची, पुढे जाऊन थांबायची, आणि शेवंती मागून येऊन तिला गाठायची. पार्ल्याला शेवंतीला बस मिळाली. तिथून नेत्रा थोडी चालवत, थोडी हाताने धरून घरी पोचली आणि सायकल पहिल्या मजल्यावर घेऊन आली. जिन्यात एकदा दम घ्यावा लागला. राजेशने दार उघडलं आणि पहिला प्रश्न रंगाचाच विचारला. साधा रंग होता, पण तो मोठ्या साइजमध्ये होता, असं सांगून नेत्रा पाणी प्यायला आत गेली. रात्री शर्मिष्ठाने व्हिडिओवर सायकल पाहिली आणि किंमत ऐकून आईचं पुन्हा पुन्हा कौतुक केलं. रंगाबद्दल ती काही बोलली नाही. नागपूरहून ती बहुधा ओठ चावून बसली असावी.

पहिला आठवडा तसा कठीण गेला. मांड्या इतक्या दुखल्या की लॅबमध्ये खुर्चीतून उठताना नेत्रा टेबल धरायची आणि रिसेप्शनवरची क्षमा तिला आयोडेक्स आणून द्यायची. एका सकाळी जुहूजवळ चेन उतरली आणि ती बसवताना दोन्ही हात काळे झाले. त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी पोचली. पण दुसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं. पंचवीस मिनिटांत लॅब यायला लागली. रिक्षाच्या नाक्यावरून जाताना तिथे ताटकळलेल्या माणसांकडे बघून तिला थोडं वाईट वाटायचं, फार नाही.

तिसऱ्या रविवारी ती सायकल घेऊन खारदांड्याला गेली. शेवंतीचं घर समुद्राच्या बाजूच्या गल्लीत होतं. दारात सखुबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या, डोळ्यांना कमी दिसणाऱ्या. पण सायकलचा रंग त्यांना दिसला आणि आवडलाही. आमच्या होडीलाही असाच रंग मारा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. शेवंतीची सून कल्पिता चहा घेऊन आली. लग्नाआधी वर्सोव्याला असताना ती कॉलेजला सायकलवरून जायची, असं तिने सांगितलं, आणि एक राउंड मारू का म्हणून विचारलं.

ती गेली ती वीस मिनिटं झाली तरी आली नाही. शेवंती दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. ओटा धुवायचा आहे, दुपारच्या ऑर्डरी आहेत, ही कुठे गेली, असं ती पुटपुटत होती. सखुबाईंनी तिला खाली बसवलं आणि फिरू दे तिला, एवढंच म्हणाल्या. अर्ध्या तासाने कल्पिता आली ती केस विस्कटलेली, गाल लाल झालेली. कार्टर रोडच्या टोकापर्यंत गेले होते, असं तिने सांगितलं आणि सासू काय म्हणते म्हणून उभी राहिली.

शेवंतीने सायकलचं हँडल आणि सीटच्या मागची जागा हाताने चाचपून पाहिली. मग तिने विचारलं, "पुढं-मागं पाटी बांधली तर चालंल का गो ही?"

लहान पाटी चालेल, मोठी नाही, असं कल्पिताने लगेच सांगितलं. म्हणजे तिने वाटेत त्याचा विचार केलेला होता. खारच्या इमारतींमधल्या फोनवरच्या ऑर्डरी तिलाच पोचवाव्या लागत आणि रिक्षाला निम्मा फायदा जाई. शेवंती नेत्राकडे वळली आणि तिने सोमवारी मोकळी आहेस का म्हणून विचारलं. या वेळी तू बोल, मी गप बसते, असंही म्हणाली.

तो सोमवार जमला नाही, कारण लॅबमध्ये डेंगीच्या तपासण्यांची रांग लागली होती. त्याच्या पुढच्या सोमवारी तिघी अल्पेशकडे गेल्या. शेवंती दुकानात पाऊण तास एक शब्दही बोलली नाही, हे तिला किती जड गेलं ते तिच्या हातातल्या रुमालाच्या घड्यांवरून कळत होतं. कल्पिताने ती करडी मीडियम घेतली; ती उंच होती, तिला ती बरोबर बसली. आता बुधवारी आणि शुक्रवारी नेत्राचे मासे तीच घेऊन येते. जिना चढायला नको म्हणून खालूनच घंटी वाजवते आणि पिशवी दोरीने वर ओढून घ्यायला सांगते. राजेशने त्यासाठी गॅलरीला स्वतः एक आकडा ठोकला आहे. त्याच्या मते हे काम त्याने फार चांगलं केलं आहे.